फ्रीझरमधील पेयांचे गोठणे

फ्रीझरमधील पेयांचे गोठणे म्हणजे पाणी, दूध, ताक, सरबते, फळांचे रस, सोडायुक्त शीतपेये, मद्य इत्यादी द्रव पदार्थ फ्रीजच्या बर्फकप्प्यात किंवा स्वतंत्र फ्रीझरमध्ये ठेवल्यावर त्यांत घडून येणारे भौतिक व रासायनिक बदल होत. या बदलांत आकारमान वाढणे, बाटली किंवा डबा फुगणे वा फुटणे, विरघळलेला वायू बाहेर पडणे, साखर व क्षार एका जागी गोळा होणे आणि वितळल्यानंतर पेयाची चव व पोत बदलणे यांचा समावेश होतो. यांपैकी बहुतेक बदलांचे मूळ पाण्याच्या असंगत आचरणात आणि द्राव्यामुळे गोठणबिंदू खाली जाण्याच्या गुणधर्मात आहे.

विदर्भात हा विषय केवळ पाठ्यपुस्तकापुरता नाही. यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव, वणी, झरी जामणी या तालुक्यांत मे महिन्यात दिवसाचे तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. रात्री फ्रीझरमध्ये पाण्याची बाटली गोठवून सकाळी ती ओल्या फडक्यात किंवा बारदानात गुंडाळून शेतावर नेणे ही या भागातील सर्वसामान्य सवय आहे. त्यामुळे कोणते पेय गोठवावे, किती भरावे, कोणत्या भांड्यात ठेवावे आणि वितळल्यावर ते प्यावे की नाही, हे प्रश्न उन्हाळ्यात घरोघरी येतात.

पाण्याचे गोठणे व प्रसरण

बहुतेक द्रव थंड होताना आकुंचन पावतात आणि गोठल्यावर अधिक दाट होतात. पाणी ४ अंश सेल्सिअसपर्यंत असेच वागते. त्याखाली मात्र ते प्रसरण पावू लागते. शालेय अभ्यासक्रमात होपच्या उपकरणाने दाखविले जाणारे पाण्याचे असंगत आचरण ते हेच. शून्य अंशाला बर्फ तयार होताना पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी जोडले जाऊन षट्‌कोनी रचनेत बसतात. या रचनेत रेणूंच्या मधे बरीच मोकळी जागा राहते. परिणामी बर्फाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ०.९१७ ग्रॅम असते आणि गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. काठोकाठ भरलेल्या १ लिटरच्या बाटलीत गोठल्यानंतर जवळजवळ ९० मिलिलिटर जागा कमी पडते.

ही वाढ रोखण्यासाठी लागणारा दाब अतिशय मोठा असतो. उणे १० अंश सेल्सिअसला पाणी द्रवरूपात दाबून धरायचे झाल्यास सुमारे १,१०० वातावरण इतका दाब लागतो. महासागराच्या सर्वांत खोल तळाशी असलेला दाबही साधारण एवढाच आहे. घरातील कोणतीही बाटली, मग ती जाड काचेची असो वा पोलादाची, त्यापुढे टिकत नाही. १७८४-८५ च्या हिवाळ्यात कॅनडातील क्वेबेक येथे मेजर एडवर्ड विल्यम्स या तोफखान्यातील अधिकाऱ्याने पोकळ लोखंडी तोफगोळ्यांत पाणी भरून ते बाहेर थंडीत ठेवले होते. पाणी गोठताना काही गोळ्यांची बुचे दूरवर उडाली, तर काही गोळे फुटले.

झाकण उघडे ठेवल्यास बाटली फुटणार नाही, असा एक समज आहे. तो पूर्णतः खरा नाही. अरुंद मानेच्या बाटलीत मानेतील थोडे पाणी लवकर गोठते आणि त्याचेच घट्ट बूच तयार होते. त्यानंतर खालचे पाणी गोठू लागले की त्याला वर सरकण्यास वाट उरत नाही आणि बाटलीला खांद्यापाशी किंवा तळाशी तडा जातो. रुंद तोंडाच्या, वर मोकळी होत जाणाऱ्या भांड्यात असे सहसा घडत नाही. बर्फाच्या ट्रेमधील खाचा वर रुंद व खाली निमुळत्या असण्याचे मुख्य कारण बर्फ सहज निघावा हे असले, तरी प्रसरणालाही तीच रचना सोयीची ठरते.

गोठण्यास लागणारा वेळ

गोठण्याचा वेळ प्रामुख्याने पाण्याच्या अप्रकट उष्म्यावर अवलंबून असतो. ३५ अंश सेल्सिअस तापमानाचे १ लिटर पाणी शून्य अंशापर्यंत आणण्यासाठी त्यातून सुमारे १४७ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. शून्य अंशाच्या पाण्याचा शून्य अंशाचा बर्फ करण्यासाठी मात्र आणखी ३३४ किलोज्यूल काढावी लागते. म्हणजेच बाटली ‘थंडगार’ झाली म्हणजे काम निम्मेही झालेले नसते. यामुळेच थंड पाणी दीड-दोन तासांत मिळते, पण पूर्ण गोठलेली बाटली मिळण्यास बहुधा रात्रभर वाट पाहावी लागते.

हाच हिशेब उलट दिशेने शेतमजुराच्या कामी येतो. उणे १८ अंशांचा १ किलो बर्फ वितळून २० अंशांचे पाणी होईपर्यंत सुमारे ४५५ किलोज्यूल उष्णता शोषतो. फ्रीजमधील ५ अंशांचे तेवढेच पाणी २० अंशांपर्यंत येताना जेमतेम ६३ किलोज्यूल शोषते. गोठवलेली बाटली दुपारपर्यंत गार राहते आणि नुसत्या थंड पाण्याची बाटली बांधावर पोहोचेपर्यंत कोमट होते, यामागे हा सातपट फरक आहे.

फ्रीजच्या बर्फकप्प्याचे तापमान सर्वत्र सारखे नसते. एका ताऱ्याच्या कप्प्यात ते साधारण उणे ६, दोन ताऱ्यांच्या उणे १२ आणि तीन ताऱ्यांच्या उणे १८ अंश सेल्सिअस असावे, असे वर्गीकरण आहे. शिवाय भारतासारख्या देशांसाठी बनविलेले उष्णकटिबंधीय वर्गातील फ्रीज सभोवतालचे तापमान ४३ अंशांपर्यंत असेल असे गृहीत धरून आखलेले असतात. विदर्भातील मे महिन्याची दुपार ही मर्यादा सहज ओलांडते. पत्र्याच्या घरात, भिंतीला चिकटून ठेवलेल्या फ्रीजमध्ये बर्फ ‘धरत नाही’ अशी तक्रार उन्हाळ्यात ऐकू येते, तेव्हा बिघाड यंत्रात असेलच असे नाही.

द्राव्य आणि गोठणबिंदू

पाण्यात साखर, मीठ किंवा अल्कोहोल विरघळलेले असल्यास ते शून्य अंशाला गोठत नाही. एक किलोग्रॅम पाण्यात द्राव्याचे जितके मोल कण असतील, त्या प्रत्येक मोलमागे गोठणबिंदू सुमारे १.८६ अंशांनी खाली जातो. कण कोणत्या पदार्थाचे आहेत यापेक्षा ते किती आहेत याला येथे महत्त्व असते. उसाच्या रसात साधारण १५ ते १८ टक्के साखर असते. त्याचा गोठणबिंदू शून्याखाली एक अंशाच्या जरा पलीकडे येतो. गोड शीतपेयांचा गोठणबिंदू उणे १ अंशाच्या जवळपास असतो. साखरेऐवजी कृत्रिम गोडी असलेली ‘डाएट’ पेये जवळजवळ पाण्यासारखीच वागतात. ती गोड पेयांपेक्षा थोडी आधी गोठतात आणि पक्की गोठतात.

दुधाचा गोठणबिंदू मात्र आश्चर्यकारकरीत्या स्थिर असतो. गाय-म्हशीच्या रक्ताशी दुधाचा परासरणी समतोल राखला जात असल्याने तो उणे ०.५२ ते उणे ०.५५ अंशांच्या पट्ट्यात राहतो. दुधात पाणी मिसळल्यास द्राव्य विरळ होऊन हा बिंदू शून्याकडे सरकतो. दूध संकलनाच्या प्रयोगशाळांत पाण्याची भेसळ ओळखण्यासाठी गोठणबिंदूमापक वापरतात तो याच तत्त्वावर चालतो.

साखर किंवा मीठ बर्फाच्या स्फटिकात सामावत नाही. त्यामुळे पेय गोठू लागले की प्रथम शुद्ध पाण्याचे स्फटिक बनतात आणि उरलेला द्रव अधिकाधिक दाट होत जातो. तो जितका दाट होतो तितका त्याचा गोठणबिंदू आणखी खाली जातो. उणे १८ अंशांनासुद्धा गोड पेयात पूर्ण घन बर्फ तयार होत नाही. स्फटिकांच्या जाळीत ६० टक्क्यांहून अधिक साखर असलेला पाक अडकून राहतो. सरबताचा गोळा पाण्याच्या बर्फापेक्षा मऊ आणि चमच्याने खरवडता येण्याजोगा असतो, त्याचे कारण हा पाक आहे. वितळताना हा पाक आधी सुटतो. प्लॅस्टिकच्या नळीत गोठवलेली, महाराष्ट्रात मुले ज्याला सरसकट ‘पेप्सी’ म्हणतात ती रंगीत कांडी चोखताना पहिले काही घोट अतिशय गोड लागतात आणि शेवटी हातात पांढरट, बेचव बर्फ उरतो. हा प्रत्येकाने घेतलेला अनुभव म्हणजे या तत्त्वाचे सर्वांत स्वस्त प्रात्यक्षिक होय.

उष्माघाताच्या काळात याच गुणधर्माला गंभीर बाजू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रानुसार बनविलेल्या क्षारसंजीवनीच्या (ओआरएस) द्रावणात प्रतिलिटर एकूण २४५ मिलिऑस्मोल द्राव्य असते आणि ते उणे अर्ध्या अंशाच्या आसपास गोठू लागते. अशी बाटली गोठवून शेतावर नेली व जसजसे वितळेल तसतसे पाणी पीत गेले, तर सुरुवातीचे घोट फार खारट आणि नंतरचे जवळजवळ निव्वळ पाणी असे होते. ग्लुकोज व सोडियम यांचे ठरावीक प्रमाण हा या द्रावणाचा प्राण असल्याने ते गोठवू नये. गारवा हवा असल्यास साध्या पाण्याची गोठवलेली बाटली शेजारी ठेवावी. तयार द्रावण २४ तासांनंतर वापरू नये, ही अट फ्रीजमध्ये ठेवले तरी पाळावी.

अतिशीतन

स्वच्छ, बाटलीबंद पाणी किंवा शीतपेय न हलवता ठेवल्यास ते गोठणबिंदूच्या काही अंश खाली जाऊनही द्रवच राहू शकते. या अवस्थेला अतिशीतन म्हणतात. स्फटिक वाढण्यासाठी आधी एखादे सूक्ष्म केंद्रक, जसे धुळीचा कण, भांड्यावरील ओरखडा किंवा बर्फाचा कण, असावे लागते. ते नसेल तर रेणूंना सुव्यवस्थित रचना सुरू करणे अवघड जाते. अशी बाटली बाहेर काढून टेबलावर आपटली, तर डोळ्यांदेखत संपूर्ण पाण्यात पांढरी जाळी पसरते. हा सगळा बर्फ नसतो. उणे ६ अंशांच्या पाण्यापैकी केवळ ७ ते ८ टक्के गोठते, कारण गोठताना बाहेर पडलेल्या अप्रकट उष्म्यामुळे उरलेले पाणी पुन्हा शून्य अंशावर येते.

शीतपेयाच्या बाबतीत आपटण्याचीही गरज नसते. झाकण उघडताच दाब उतरतो, वायूचे बुडबुडे सुटतात आणि द्रवातील या खळबळीतून स्फटिक वाढू लागतात. शिवाय विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून गेल्याने पेयाचा गोठणबिंदू किंचित वर चढतो. या दोन्हींमुळे उघडल्या उघडल्या बाटलीत बर्फाचा चुरा तयार होतो.

सोडायुक्त पेये

फ्रीझरमधील बहुतेक अपघात सोडायुक्त पेयांमुळे होतात. यांत दोन कारणे एकत्र येतात. पाणी गोठून पसरते आणि त्याच वेळी बर्फात न मावणारा कार्बन डायऑक्साइड उरलेल्या द्रवात व झाकणाखालच्या लहानशा पोकळीत कोंडला जातो. थंड द्रवात वायू अधिक विरघळतो हे खरे असले, तरी द्रवच कमी होत गेल्यावर त्याचा उपयोग राहत नाही.

ॲल्युमिनियमच्या डब्याचा आत वळलेला तळ अशा वेळी बाहेर उलटतो, डबा डुगडुगू लागतो आणि अखेर वरचे झाकण शिवणीपाशी सुटते. प्लॅस्टिकची बाटली ताणली जाते, तिचा पाकळ्यांसारखा तळ फुगून गोल होतो, पण ती सहसा फुटत नाही. काचेची बाटली ताण अजिबात सहन करत नाही. ती फुटते आणि तिचे तुकडे बर्फाला चिकटून राहतात. सर्वांत धोकादायक स्थिती ही की तडा गेलेली, पण बर्फामुळे एकसंध दिसणारी बाटली कोणीतरी बाहेर काढते आणि बर्फ वितळताच ती हातात सुटते.

गोटी सोड्याच्या बाटलीला हा धोका विशेष आहे. इंग्लंडमधील हायरम कॉड यांनी १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या या बाटलीत वायूचा दाबच काचेच्या गोटीला मानेतील रबरी कड्यावर दाबून धरतो. दाब जितका वाढेल तितकी गोटी अधिक घट्ट बसते, म्हणजे जादा दाब बाहेर पडण्याची वाट आपोआप बंद होते. गाडीवर या बाटल्या बर्फात किंवा थंड पाण्यात ठेवतात, फ्रीझरमध्ये नव्हे.

फुगलेला डबा किंवा बाटली सापडल्यास ती लगेच उघडू नये, गरम पाण्यात बुडवू नये व आपटू नये. फडक्यात गुंडाळून ती फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी आणि पूर्ण वितळल्यावर हळूहळू उघडावी. असे पेय पिण्यास अपायकारक नसते, मात्र त्यातील वायू बराचसा गेल्याने ते मिळमिळीत लागते. फुटलेल्या काचेच्या बाटलीतील पेय गाळूनही पिऊ नये.

दूध, ताक व रस

दूध गोठल्यावर पिवळसर दिसते आणि वितळल्यावर त्यात तुपकट कण तरंगतात. स्निग्धांशाच्या सूक्ष्म गोलकांभोवतीचे आवरण बर्फाच्या टोकदार स्फटिकांनी फाटते व स्निग्धांश एकत्र येतो. केसीन या प्रथिनाचे कणही काही प्रमाणात परस्परांना चिकटतात. असे दूध खराब झालेले नसते. ढवळून व उकळून ते चहासाठी वापरता येते, परंतु पूर्वीचा एकजीवपणा येत नाही. ताकाचे हाल याहून अधिक होतात. आम्लामुळे आधीच गोळा झालेली प्रथिने गोठल्यावर आणखी आवळली जातात आणि वितळल्यावर खाली चोथा व वर निवळ पाणी असे दोन थर पडतात. घुसळल्यास ते मिसळते, पण चोथा लवकरच पुन्हा खाली बसतो.

उसाचा रस काढल्यानंतर थोड्याच वेळात काळपट पडू लागतो. त्यातील पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने हा बदल घडविते. गोठवल्यास हे कार्य मंदावते, थांबत नाही, आणि वितळल्यावर पुन्हा वेग घेते. रसवंतीवर पिळताना घातलेले लिंबू चवीइतकेच रंगासाठीही उपयोगी असते, कारण आम्लात हे विकर क्षीण होते. नीरेच्या बाबतीतही गोठवण्याने किण्वन लांबते एवढेच. आमरस मात्र फ्रीझरमध्ये उत्तम टिकतो. गराचा दाटपणा, साखर व आम्लता यांमुळे स्फटिक बारीक राहतात, आणि विदर्भातील अनेक घरांत मृगानंतरही महिनोन्‌महिने पुरेल असा रस डब्यांतून गोठवून ठेवला जातो. डबा भरताना वर बोटभर जागा सोडण्याची गृहिणींची रीत ९ टक्क्यांच्या हिशेबात चपखल बसते.

मद्य

बिअरमध्ये साधारण ५ टक्के अल्कोहोल असते व ती उणे २ अंशांच्या आसपास गोठू लागते. तिच्यात वायूही असल्याने बाटली फुटण्याचा धोका सोड्याइतकाच असतो. भारतात विकल्या जाणाऱ्या व्हिस्की, रम आदी मद्यांत बहुधा ४२.८ टक्के अल्कोहोल असते. त्यांचा गोठणबिंदू उणे २५ अंशांच्याही खाली असल्याने घरगुती फ्रीझरमध्ये ती गोठत नाहीत. व्हिस्कीच्या बाटलीत बर्फ झाल्यास त्यात पाणी मिसळलेले असावे, असा अंदाज करता येतो.

पाण्याची गुणवत्ता

गोठवल्याने पाणी निर्जंतुक होते हा समज चुकीचा आहे. विषमज्वराचे जिवाणू तसेच कावीळ घडवून आणणारे हिपॅटायटिस ए व ई हे विषाणू बर्फात टिकून राहू शकतात आणि वितळताच पुन्हा संसर्ग करू शकतात. बर्फ ज्या पाण्याचा, त्याच पाण्याइतका तो सुरक्षित असतो. औद्योगिक वापराचा बर्फ गोळ्यात व सरबतात वापरला जाऊ नये म्हणून अखाद्य बर्फाला निळा रंग देण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून लागू करण्यात आला. खाद्य बर्फ रंगहीनच असावा लागतो.

यवतमाळ जिल्ह्याच्या काही भागांत विंधनविहिरींच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आढळते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते प्रतिलिटर १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. हे पाणी गोठवताना फ्लोराइड व इतर क्षार शेवटी गोठणाऱ्या मधल्या भागाकडे ढकलले जातात. म्हणूनच बाटलीतील बर्फाचा बाहेरचा थर काचेसारखा पारदर्शक आणि गाभा पांढुरका दिसतो. त्या पांढुरकेपणात विरघळलेल्या हवेचे बुडबुडेही असतात. मात्र संपूर्ण बाटली वितळल्यावर सर्व क्षार पुन्हा त्याच पाण्यात येतात. गोठवून फ्लोराइड घालविता येत नाही, उकळूनही घालविता येत नाही. जड पाण्याचा बर्फ वितळल्यावर तळाशी दिसणारे पांढरे पापुद्रे बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि ते अपायकारक नसतात.

इतिहास

फ्रीजपूर्व काळात पेये थंड करण्यासाठी भारतात सोरा वापरला जाई. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषतो. अशा पाण्यात पिण्याच्या पाण्याचे भांडे फिरवून ते गार करण्याची पद्धत अबुल फझल यांनी ‘ऐन-ए-अकबरी’मध्ये नोंदविली आहे. १८३३ मध्ये बॉस्टनचे व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यांचे नैसर्गिक बर्फाने भरलेले जहाज कलकत्त्यास पोहोचले आणि पुढे मुंबईतही अमेरिकी बर्फ साठविण्यासाठी बर्फघर उभे राहिले. कुल्फीचे साचे बर्फ-मिठाच्या मिश्रणात ठेवून गोठवण्याची पद्धत आजही प्रचलित आहे. मिठामुळे बर्फाचा वितळणबिंदू खाली जाऊन मिश्रणाचे तापमान शून्याच्या बरेच खाली येते.

१९०५ मध्ये अमेरिकेतील ११ वर्षांच्या फ्रँक एपर्सनने सरबताचा पेला ढवळण्याच्या काडीसह रात्री बाहेर विसरला. सकाळी काडीला धरून निघालेल्या त्या गोठलेल्या सरबतावरून त्याने पुढे १९२४ मध्ये पेटंट घेतले आणि काडीवरची बर्फकांडी ‘पॉप्सिकल’ या नावाने बाजारात आली.

गरम पेय थंड पेयापेक्षा लवकर गोठते का, हा प्रश्न १९६३ मध्ये टांझानियातील एरास्टो म्पेम्बा या शाळकरी मुलाने आइसक्रीम बनविताना विचारला. त्याने पुढे डेनिस ऑस्बोर्न या प्राध्यापकासह १९६९ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. बाष्पीभवन, अतिशीतन, विरघळलेले वायू, भांड्याखालचे वितळलेले हिम अशी अनेक स्पष्टीकरणे पुढे आली, पण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर अभ्यासात असा परिणाम खात्रीने आढळला नाही. घरगुती फ्रीझरमध्ये गरम चहा-दूध ठेवण्याचे समर्थन या वादातून होत नाही. त्यामुळे शेजारचे गोठलेले पदार्थ वितळू लागतात आणि कॉम्प्रेसरवरचा भार वाढतो.